फळा

गाडी नेली तेव्हा मी पोळ्या लाटत होते.
मोतालेब वॉचमन लिफ्टने वर आला,
हातात आमची सनशेड, व्यवस्थित घडी घातलेली.
"मॅडम, एवढीच मागून घेतली. त्यांनी दिली."
मी त्याला थँक्यू म्हटलं.
म्हणजे काय म्हणायला हवं होतं, अजून कळलेलं नाही.

तळघरात सदतीस नंबरला
तेलाचा एक डाग उरला, हातभर.
डिकीत आईने पाठवलेलं कुळथाचं पीठ होतं
आणि चिन्मयीचा एका पायाचा सँडल.
दुसऱ्या पायाचा दाराशी होता बरेच दिवस.

शैलेंद्रची कंपनी एका ईमेलात मिटली होती.
चार हप्ते चुकले, पाचव्याला कागद आला,
अरबीत उजवीकडून, इंग्रजीत डावीकडून,
मध्ये कुठेतरी माझं नाव :
वृषाली शेट्ये, कर्जदार.

लिलावात गाडीचे अकरा हजार आले.
देणं एकोणीस.
उरलेले आठ मी वीस महिने फेडले,
नसलेल्या गाडीचे चारशे, दर पाच तारखेला,
आणि साडेपाचच्या बसमध्ये उभी राहिले
नॅशनल पेंट्सच्या ट्रॅफिकमधून, शारजा ते जबल अली.
कधी शेजारच्या लेनमध्ये तशीच राखाडी गाडी दिसली
की नंबर बघायचे.
बघून काय करणार होते?

बाबा दर रविवारी विचारायचे,
"गाडी काय म्हणते?"
"सर्व्हिसिंगला दिलीय."
वीस महिने सर्व्हिसिंग.
त्यांनी उलट प्रश्न केला नाही.

बाबा देवरूखच्या पतपेढीत वसुलीला होते.
बाहेर भिंतीवर फळा, त्यावर थकबाकीदारांची नावं,
बाबांच्याच वळणदार अक्षरात.
एकदा जप्तीचं शिलाई मशीन
ऑफिसात जागा नाही म्हणून आमच्या पडवीत राहिलं रात्रभर.
मी चाक फिरवलं. नुसतं एकदा.
"हात काढ. आपलं नाही ते."
कोणाचं, ते मी विचारलं नव्हतं.
शाळेत ती माझ्या पुढच्या बाकावर बसायची.

भरणा झाला की बाबा स्वतः ओल्या फडक्याने
नाव पुसायचे.
पण फळा वाळला की नाव परत दिसायचं,
फिकट, पण वाचता येईल इतकं.
बाजाराला आलेले लोक
ठळक नावं सोडून आधी तेच वाचायचे.

शेवटचा हप्ता भरला, दाखला घेतला,
रिपोर्ट काढला, तर त्यात अजून आठ हजार बाकी.
टोकन एकशे चौदा.
टोकन एकसष्ट.
तिसऱ्या खेपेला शमीना नावाच्या मुलीने
दाखल्याचा शिक्का उजेडात धरून पाहिला
आणि काहीतरी टाइप केलं, बराच वेळ.
आता तिथे लिहिलंय :
खातं बंद. जप्तीनंतर वसूल.
"आणि ही ओळ कधी जाते?"
"राहील काही वर्षं," ती म्हणाली,
आणि टेबलावरची खजुराची बशी माझ्याकडे सरकवली.
मी दोन घेतले. एक चिन्मयीला.

त्या रविवारी बसस्टॉपवरून मी बाबांना सांगितलं सगळं,
पिठासकट.
"पुसलंय बाबा. पण वाळल्यावर दिसतंय."

पलीकडे बराच वेळ नुसता पंखा ऐकू येत होता.

मग म्हणाले,
"आम्ही दर दसऱ्याला फळ्याला काळा रंग द्यायचो.
चेअरमन म्हणायचे कशाला खर्च,
तर मी माझ्या पैशाने आणायचो डबा.
तुमच्याकडे देतं का कोणी?"

ते मशीन, बाबा, परत गेलं होतं का,
एवढं विचारायचं होतं.
बस आली.