पाचवी गादी

साल्मियातल्या या खोलीत
चार गाद्या मावतात.
पाचवी घातली, की फ्रिजचं दार अडतं.

महिन्याला पस्तीस दिनार, डबा तुमचा,
पाचनंतर अर्ध्या तासाला अर्धा दिनार वेगळा –
भांडी घासताना पाठ केलेलं सगळं
जिन्सीसमोर अडखळलंच.
तिची नर्सची ड्युटी, बाळ सात महिन्यांचं.
"जागा नाही," म्हटलं. वहीत आधीच दोन नावं थांबलेली.
"चेची, तीस?"

माझा शार्दूल चिपळूणला, नणंदेकडे.
तिनं कधी आकडा सांगितला नाही;
मीच अंदाजानं पाठवत राहते.

"पस्तीसच," मी म्हटलं,
आणि फ्रिजमधलं दूध
आधीच बाहेर काढून ठेवलं.
त्या दोन नावांना काय सांगायचं,
ते उद्या.