तिकीट

कुतैसी, त्र्याण्णवचा हिवाळा.
वीज चार दिवसांनी येते,
तीही उंबऱ्यावरूनच परत फिरते.
नाटकाचं तिकीट : एक लाकूड.

त्सिआलानं खुर्चीचा पाय आणला.
वाझा मास्तरांच्या काखेत फळ्याची चौकट,
खडूचे डाग अजून तसेच.
एका पोराकडे नुसती वीतभर काटकी.
ओतार सुतारानं ती उलटसुलट करून पाहिली,
म्हणाला, पहिली रांग.

रंगमंचावरचं दार ओतारचंच.
अक्रोडाचं. पगार मिळायचा तेव्हाचं.
दुसऱ्या अंकात शेगडी विझत आली
आणि लोक नटांकडे बघायचे सोडून
दाराकडे बघू लागले.
बोललं कोणीच नाही.
ओतार उठला, बिजागऱ्या सोडवल्या,
खिशात टाकल्या.
मग कुऱ्हाड मागितली.

तिसऱ्या अंकात थोरला मुलगा परत येतो,
दहा वर्षांनी.
नटानं हात पुढे केला,
जिथं काहीच नव्हतं तिथं ढकललं,
आणि विंगेतल्या अंधारात
ओतारनं खिशातली एक बिजागरी काढून
सावकाश करकरवली.

मागच्या रांगेतून एक म्हातारी ओरडली,
अरे, दार लाव आधी,
गारठा येतोय आत.