तळं आणि तळ

फळ्यावर डावीकडे मी लिहिलं: प्रतिमा.
उजवीकडे: नाद.
मधे उभी रेघ, पट्टी न लावता ओढलेली,
म्हणून खाली येईतो नादाकडे झुकलेली.

कवितेत तळं होतं, सांज होती,
सांजेला शोभेल असा एक बगळा:

'संथ सावळे सांजतळे हे
कमळपाकळी कलते काठी,
ध्यानस्थ कुणी बगळा बसला
ओली शांती घेउन पाठी.'

स-कारांखाली पिवळ्या खडूनं रेघा मारल्या,
क-कारांखाली गुलाबी.
अनुप्रास. एक गुण.
ओली शांती: कातडी आणि कान एकाच वेळी. दुसरा गुण.
चौगुलेचा रणवीर मागच्या बाकावरनं म्हणाला,
मॅडम, हे पेपरला येतंय का?
येतंय, मी म्हटलं. सतरा वर्षं येतंय.

मग प्रणाली सातपुते उठली.
ती बोलते इथल्या पोरींसारखी, मी गेलो, मी आलो करत.
'मॅडम, काल मी रंकाळ्यावर गेलो होतो.
बगळा बसत न्हाई. हुबा असतोय, एका पायावर.
आणि ध्यान न्हाई त्याचं. भूक हाय.'
वर्ग हसला. मीही, जरा उशिरा.
ब-ला ब जुळावा म्हणून
कुणीतरी एका पाखराला कायमचं खाली बसवलं होतं
आणि त्याच्या बुडाखाली मी दरसाल
रेघ मारत आले होते.

'मग तळ्याचा आवाज कसा होता?'
ती थांबली. ओठ मिटून उघडले.
'चुबुक. आणि मग पायरीच्या फटीत, गळप.
मधी बराच वेळ काय न्हाई.'
ते 'काय न्हाई' तिनं इतक्या हळू म्हटलं
की पंख्याची कुरकुर त्या वर्षी पहिल्यांदा ऐकू आली.

दुसऱ्या दिवशी तिनं दप्तरातनं
पेपरात गुंडाळलेली एकच चप्पल काढली,
डाव्या पायाची, अर्धी शिवलेली.
सुभाषनगरात तिचे अप्पा शिवतात.
दोन तळ, मधे बोटभर फट,
फटीत काळं, वाकड्या नांगीचं बी.
'ह्याला विंचू म्हणत्यात. ह्यानं कर्र वाजतंय.
वरनं लावत न्हाईत मॅडम. आत घालत्यात,
आणि मग शिवत्यात. दिसत न्हाई कुणाला.
नव्यात तर वाजत पण न्हाई नीट.
चालून चालून चामडं वाळलं की मग.'

मी बोट घातलं. टोचलं.
तळं लिहिताना वरचा टिंब गळला
की तळ उरतो, एवढंच डोक्यात आलं,
आणि ते सांगायच्या आत घंटा झाली.

त्या सांजेला रंकाळ्याच्या काठानं गेले.
भेळवाल्याचा चमचा पातेल्याच्या काठाला,
ठण ठण ठण, कुणाच्या तरी गाडीचा हॉर्न,
पलीकडे जलपर्णीचा हिरवा गालिचा (नाही,
गालिचा कसला, ती माजलीय. माजलीच म्हणू).
संथ, मी तोंडातल्या तोंडात म्हणून बघितलं. सावळे.
स म्हणताना दातांच्या फटीतनं वारा जातो,
आणि माजलेल्या पानांतनं तोच चालला होता.
म्हणजे पहिल्या ओळीत खरंच काही घातलेलं होतं,
पिवळ्या रेघेच्या वर नाही, खाली नाही,
आत.
मग पायरीच्या फटीत पाणी म्हणालं, गळप.

मधे बराच वेळ काही नाही.

चाचणीच्या पेपरात प्रणालीनं लिहिलं:
'पहिल्या ओळीत विंचू आहे.
तिसऱ्या ओळीत नुसती शिलाई आहे.'
नमुना उत्तरात विंचू नव्हता.
लाल पेन टेकवला, उचलला, परत टेकवला.
दोनपैकी दोन दिले,
आणि समासात, बारीकसा,
एका पायावर उभा,
भुकेला बगळा काढला.