बिनगेरची

डाव्या घोट्यात सहा स्क्रू आहेत आणि एक पट्टी.
इर्विनच्या डॉक्टरनं फोटो उजेडाला धरून दाखवला,
दाराची बिजागरी दिसावी तसा.
फरक एवढाच की ही बिजागरी वळत नाही.

गेर डाव्या पायानं टाकतात.
टाकता येत नाही म्हणजे गाडी गेली.
गाडी गेली म्हणजे पाटीढाणा, कुंडी, वरचं टेंभ्रू,
तिथल्या तापाच्या काचा धारणीला कोण आणणार?
थेंबभर रक्त, वर सुईनं कोरलेला नंबर,
खोक्याच्या खाचांत उभ्या, एकमेकींना न शिवता.
वाट अकरा किलोमीटर. त्यातलं डांबर शून्य.

परतवाड्याच्या शोरूमात टायवाला पोरगा होता.
म्हटलं, बिनगेरची पाहिजे, जंगलातली.
म्हणे, सर, ऑटोमॅटिकमध्ये स्कूटर येते.
मी खाली बसून तिच्या पोटाखाली वीत घातली.
वीत मावली नाही.
चाकं पोळपाटाएवढी.
पोरगा म्हणे, मायलेज पहा ना सर.

अमरावतीला बॅटरीवाली पाहिली.
आवाज नाही, धूर नाही,
अस्वलालाही कळणार नाही मी आलो ते.
हेच मला पटलं नाही.
शिवाय लाईट आमच्याकडे मंगळवारची येते,
बाजाराला आल्यासारखी, अंधार पडायच्या आत परत.

एकानं मोबाईलवर परदेशातली दाखवली.
मोठी चाकं, दातेरी टायर, गेर आपोआप.
किंमत ऐकली आणि फोन त्याच्या तळहातावर
हळूच ठेवून दिला, काच ठेवतो तसा.

मग इद्रिस मिस्त्री म्हणे, काऊन फिरून राहिला बे एवढा,
मी बनवून देतो.
स्कूटरचं इंजिन, मोटरसायकलची चाकं,
पट्ट्यात पाणी जाऊ नये म्हणून
सीटखालून वर काढलेली कुलरची नळी.
सिपना ओलांडली तिनं. चढही चढली.
पण गेरची गाडी उतारावर मागून सदरा धरून ठेवते,
हिनं धरला नाही.
मूठ सैल केली की हिचं इंजिन हातच सोडून देई,
आणि पुढं नुसता उतार, मी, आणि तापलेले ब्रेक.
घाणेरीच्या जाळीनं झेललं.
खोकं पोटाशी होतं. एकच काच फुटली.
त्या बाईकडे दुसऱ्या दिवशी पायी गेलो, सुई घेऊन.
काही बोलली नाही ती. दुसरं बोट पुढं केलं.

कुंडीत सुखलाल बेठेकरच्या अंगणात
कोंबड्या ज्याच्यावर झोपतात, ते
मी तीन वर्षं लाकूड समजत होतो.
मोपेड निघाली. त्याचा बाप तिच्यावर मोहफुलं न्यायचा.
चाकं उंच, बारीक. पट्टा नाही, साधी चेन.
वजन म्हणाल तर दगडात अडकली
की एकटा माणूस उचलून पलीकडे ठेवेल.
सीटच्या भोकात एक अंडं होतं.
सुखलाल म्हणे, ने,
पण मग ह्या बसतीन कुठं?
म्हणून इद्रिसवाली तिथं उभी केली.
कोंबड्यांनी चार दिवस तिच्याकडे तिरप्या मानेनं पाहिलं.
पाचव्या दिवशी हँडलवर पहिली चढली.

उतारावर हीही धरत नाही.
पण हिला पळायचीच सवय नाही, तेवढ्यात भागते.
टेंभ्रूच्या चढाला दम लागते तिला.
मी उतरतो, मूठ पिळलेली ठेवतो,
बाजूनं चालतो. ती फटफट करत,
मी डावा पाय जरा मागं टाकत.
आपोआप म्हणजे काय ते इथं विचारू नये.
आपोआप इकडे तरोटा उगवते. ताप येते.

अस्वलं दूर होतात, एवढी ती वाजते.
आवाज माझ्या दोन वळणं आधी पोचते टेंभ्रूत.
मी खोकं उघडेपर्यंत
ओट्यावर माणसं बसलेली असतात,
बोटं पुसून.