मधोमध मीठ

फळ्याच्या मधोमध लिहिलं: मीठ.
भोवती वर्तुळ काढलं, ते जरा तिरकंच आलं.
कांजूरच्या आमच्या शाळेचा फळा उजवीकडे फुगलाय,
दोन वर्षं अर्ज करतेय.

प्रशिक्षणात सांगितलं होतं:
मुख्य कल्पना मध्ये, बाकीच्या भोवती,
आणि बाणावर जोडणारा शब्द हवाच.
शब्द नसेल तर तो बाण नव्हे, नुसती रेघ.
वहीत मी हे लाल पेनाने अधोरेखित केलेलं.

झैनब उठली आणि सुटलीच,
समुद्र भरती वाफे ऊन बाष्पीभवन,
एका दमात.
तिला लिहायचं नसतं, सांगायचं असतं.
समिधाच्या अक्षराला वळण आहे,
तिचा आवाज मात्र दुसऱ्या बाकापर्यंतही पोचत नाही.
दोघींची मिळून एक फांदी झाली.

गौरांगला पाच मिनिटं बसवत नाही.
म्हटलं, तू बाष्पीभवन हो.
तो हात हलवत बाकांमधून निघाला,
बाकावर चढला,
पंख्याखाली थांबून म्हणाला,
मी तर गेलो बाई, खाली काय उरलं?
मीठ! सगळा वर्ग ओरडला.

चौदा वर्षं मी
द्रवाचे वायूत रूपांतर होणे
इथे पूर्णविराम देत आले.
काय उरतं, ते कधी विचारलं नव्हतं.

मग लोणचं आलं, सुकट आली,
दृष्ट काढायची मोहरी आली,
खाल्ल्या मिठाला जागणारा कुणी एक आला.
त्याला कुठे जोडायचं यावरून
पहिल्या दोन रांगांत भांडण.

शेवटच्या बाकावरून सुगत उठला.
वाचताना त्याच्या बोटाखालून ओळी निसटतात,
तो फळ्याकडे सहसा येत नाही.
हिरवा खडू घेतला.
दोन पाय काढले, तळव्यांकडून,
टाचांच्या भेगा एकेक करून, घाई न करता.
मिठापासून तिथवर बाण.

कुणाचे रे?
आज्याचे. मिठागरात होता.

बाणावर काय लिहू?

तो उभा राहिला.
हायवेवर कुणीतरी हॉर्न दाबून धरलेला, तो सुटला.
लिहू नका बाई, म्हणाला. बाण पुरे.

नियमाने ती रेघ.
मी खडू खाली ठेवला.

दुपारची शाळा दुसऱ्यांची.
चिठ्ठी चिकटवून गेले: कृपया पुसू नये.
सकाळी बघते तर सगळं पुसलेलं,
वर अपूर्णांकांची गणितं.
पाय तेवढे राहिलेले,
आणि दुपारच्या कुणीतरी
त्यांना पांढऱ्या खडूने चपला घातलेल्या.

सुगतने मान वाकडी करून पाहिलं.
अंगठा चुकलाय, म्हणाला,
आणि बोटाने पुसून
नीट बसवला.