दुसरं ‘मान्य’

माराकाइबोत वीज पहाटे दोनला येते
म्हणून मी पहाटे दोनला मासेमारीला निघते.
पंखा घरघरला की समजायचं, आलं पाणी.
धाकट्याच्या पायांपाशी खुर्ची ओढायची
आणि अशा काठावर जाऊन उभं राहायचं
ज्या पाण्याला वास नाही.

तिथं काचमासा लागतो.
चार टिचक्या, थोडं थांबायचं, चार टिचक्या.
तासाला तीनशे, जाळं फाटलं नाही तर.
फाटत नाहीच ते.
कंपनीनं तसं लिहिलेलंच नाही.

बाबाचं जाळं मोरीत पडलंय,
रॉकेलनं धुतलं तरी तळ्यातल्या तेलानं चिकट.
दारात उभा राहून तो विचारतो, आज काय भाव?
थट्टा नसते. त्याला खरंच भाव हवा असतो.
काल नगाला अकराशे मोहरा, मी सांगते, आज नऊशे चाळीस.
कुणीतरी साठा सोडतोय, तो म्हणतो,
थांब. मंगळवारी घेणारे येतील.

मंगळवारी येतात.
त्या जगात दर मंगळवारी नवा राक्षस उठतो
आणि लढणाऱ्यांना भूक लागते,
हे मी त्याला कधी सांगितलं नव्हतं.

आमच्या नोटांवरची शून्यं सरकारनं तीनदा खोडली.
मोहरेवरचं अजून एकही नाही.

माझं मोठं गिऱ्हाईक त्रिग्वे, हामरफेस्टचा.
दिवसभर कारखान्यात पट्ट्यावरचे सामन मासे चिरतो,
संध्याकाळी बोटं वळत नाहीत,
म्हणून खेळातले मासे माझ्याकडून घेतो.
हे कळलं तेव्हा मला हसू आलं,
मग बराच वेळ आलं नाही.

सौद्याची खिडकी उघडते. डावीकडे माझं, उजवीकडे त्याचं.
दोघांनी ‘मान्य’ दाबायचं.
मग खिडकी पुन्हा विचारते, नक्की?
पुन्हा ‘मान्य’.
कुणीतरी कधीतरी शेवटच्या क्षणी
माणिक काढून लाल काच ठेवली होती,
तेव्हापासून अख्ख्या जगाला दोनदा विचारतात.

त्याचे हात कुठायत? बाबानं पहिल्याच दिवशी विचारलं.
धक्क्यावरचा दलाल काट्यावर अंगठा ठेवायचा,
चाळीस वर्षं त्यानं माशांपेक्षा अंगठेच जास्त पाहिले.
हात नसतात बाबा.
मग तू बघतेस काय?
दुसऱ्या ‘मान्य’ला तो किती वेळ लावतो, ते.

फेब्रुवारीत त्याला सहा हजार मासे हवे होते.
खरे पैसे खिडकीबाहेरून येतात, कंपनीला ते चालत नाही,
म्हणून आधी कोण, हा प्रश्न नेहमीचाच.
या वेळी तू आधी, तो म्हणाला, पगार उद्या आहे.
मी पहिलं ‘मान्य’ दाबलं.
बोट दुसऱ्यावर नेलं
आणि गल्लीसकट सगळं गेलं.

एकोणीस तास.
गेलं की नाही गेलं, तेच कळेना.
बाबानं त्या दिवशी भाव विचारला नाही,
शेजारच्या एउदोमारच्या नावेतून तळ्यात गेला,
दोन लहान कुर्विना घेऊन आला,
आणि पिठाचा डबा आपटून आपटून पाहिला.

वीज आली तेव्हा निरोप होता:
तुझं दुसरं ‘मान्य’ आलं नाही, मासे तुझ्याचकडे आहेत.
पैसे तरी पाठवलेत. रात्रपाळीला निघालो.

सहा हजार मासे माझ्या पोत्यात.
पैसेही माझ्याकडे.
आणि मधल्या एकोणीस तासांत भाव चढून
तेराशेवर गेलेला.
मी बाबाला वाचून दाखवलं.
तो पडद्याकडे नाही, माझ्या बोटांकडे बघत होता.

त्रिग्वे यायला अजून तीन तास होते, वीज जायला चार.
मी धक्क्यावर जाऊन थांबले.
बाबा बादली पालथी घालून शेजारी बसला
आणि ते पाणी त्यानं पहिल्यांदाच नीट पाहिलं.

तिथं वारा असतो का?
असतो. चित्रातला.
कुठल्या दिशेचा?

सात वर्षं मी त्या काठावर उभी आहे.
झेंड्याकडे बघायला मान वर केली.