सॉकेटपर्यंत आमचं

टीव्हीवर मुंग्या यायला लागल्या तेव्हा
मी आधी हिशोब मांडला.
केबलवाल्याची फेरी, साडेतीनशे.
मारुती चौकातून नवं सॉकेट, पंच्याऐंशी.
कनेक्टर दोन, तीस रुपये,
एक माझ्या हातून मोडेल हे धरून.
पेचकस घरचाच.
एकवीस वर्षं हळदीच्या पेढीवर जमाखर्च लिहितेय,
शिल्लक कुठे राहते ते मला लांबूनच दिसतं.

फोन मात्र केला.
रियाज जमादार म्हणाला, मॅडम, हात लावू नका.
सॉकेटपर्यंत लाइन आमची,
पुढचं सगळं तुमचं.
आणि सॉकेट?
पलीकडे जरा शांत झालं.
कुणीतरी शिडी ओढत होतं.
सॉकेट तसं आमचंच म्हणायचं. पण बिघडलं की तुमचं.
सोमवारी येतो.

सोमवार आला.

गुरुवारी मी पेढीवरून सॉकेट घेऊनच घरी.
वरचे चौगुले जिन्यात म्हणाले, कशाला कुटाणा वहिनी,
पोरगं येईल की.
आमचे मिस्टर काही बोलले नाहीत,
बल्ब बदलायचा तरी ते चांगला दिवस बघतात.

मेन बंद केला. गरज नव्हती, तरी.
दोन स्क्रू. एक लगेच आला.
दुसरा गंजलेला, त्याला खोबरेल पाजलं
आणि चहा होईपर्यंत थांबले.
मग प्लेट निघाली, सोबत रंगाचा पोपडा,
आणि मागून भुरभुर
सुकलेली, करडी, पिठासारखी माती.

कृष्णेची.
पाणी उतरल्यावर तीनदा घर धुतलं होतं आम्ही,
भिंतीवरची रेघ खरवडून दोन हात मारले होते,
गाद्या, कपाट, लग्नाचा अल्बम, सगळ्याची वाट लावून झाली होती.
हा एवढा चौकोन उघडायचं
कुणाच्या डोक्यात आलं नाही.
एवढी वर्षं बातम्या ह्याच मातीतून येत होत्या घरात.
कॅलेंडरच्या पानात तिची पुडी बांधली.
कुठल्या खात्यावर टाकावी कळेना.

मग वायर.
उसाचं पेरं सोलावं तशी सोलली,
काळी साल, आत चंदेरी जाळी,
तिच्या आत पांढरा गर,
आणि सगळ्यांच्या मध्ये एकच तांब्याची तार,
सुईएवढी.
एक कनेक्टर मोडला. हिशोबात होता.
दुसरा बसला.
मेन चालू. टीव्ही चालू.
मुंग्या गेल्या.
मुंग्यांसकट सगळंच गेलं, निळा पडदा.
आतून आवाज आला, झालं?
होतंय, म्हटलं.

शुक्रवारी दिवेलागणीला रियाज न सांगता दारात,
हातात हेल्मेट.
त्यानं प्लेट उघडली, तोंडात बॅटरी धरली,
आणि मी मागे उभी
ऑडिटर वही उलटताना उभी राहते तशी.
कुणी केलं हे?
मी.
त्यानं मान वाकडी करून बघितलं.
जाळीचा एक केस लागलाय मधल्या तारेला.
एवढंच आहे.
नखानं उपटला.
पडद्यावर एक बाई कुकर विकायला लागली.

साल एवढी सरळ आमची पोरं कापत नाहीत, म्हणाला
आणि पावती फाडली, साडेतीनशे.
कामाच्या रकान्यात लिहिलं, सॉकेट बदलले.
मी म्हटलं, खोडा ते.
ग्राहकाने बदलले असं लिहा. तुम्ही केस काढला.
बघत राहिला. मग लिहिलं की त्यानं,
'केस काढला', सही, तारीख.

एकूण चारशे पासष्ट. वाचले काहीच नाहीत.
नव्या प्लेटच्या कोपऱ्यात
माझा हळदीचा अंगठा उठलाय, पिवळा.
मिस्टर फडकं घेऊन आले होते, परत पाठवलं.

पुडी अजून ड्रॉवरमध्ये आहे.
सॉकेटच्या आतली माती
कंपनीची धरायची की आमची,
ते रियाजला विचारायचं राहून गेलं.